पुट्टी, प्रायमर आणि आचलचं लग्न

अख्ख्या तिरोड्यात रंगाच्या गनचं शास्त्र समजणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, याबद्दल धर्मेंद्र पटलेला कधी शंका आली नव्हती. गोंदिया रोडवर त्याचं मोटरसायकलींच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान. गाडी टाकायला आलेल्या प्रत्येकाला आधी त्याचं व्याख्यान ऐकावं लागे.

"माल साईसारखा झाला का गन थुंकते! पाण्यासारखा झाला का ओघळते! माल पायजे दुधासारखा. अन् हवा? हवा कानानं मोजायची!"

कानानं मोजायचं कारण असं, की त्याच्या कंप्रेसरवरचा हवेचा काटा दिवाळीपासून एकाच आकड्यावर मुक्काम ठोकून बसला होता. रेग्युलेटरही मनात येईल तेव्हा चालायचा. पण इतके तयार कान असताना काट्याशी कोण हुज्जत घालतो!

शेजारच्याच गाळ्यात त्याच्या बायकोचं, रविताचं ब्युटी पार्लर होतं. मध्ये प्लायवूडची भिंत. इकडे कंप्रेसर सुरू झाला की तिकडे आरशातल्या बायका थरथरायला लागत. यंदा रविता नागपूरला जाऊन एअरब्रश मेकअप शिकून आली आणि येताना मशीन घेऊन आली. डब्याएवढा कंप्रेसर, पेनाएवढी गन आणि गनच्या डोक्यावर चार थेंब मावतील एवढी वाटी. धर्मेंद्रनं ती गन तळहातावर घेतली आणि पोट धरून हसला.

"ही गन आहे? हिनं तर डासाले बी रंग मारणं होणार नाई!"

"डासाले नाई मारायचा, नवरीले मारायचा आहे," रविता म्हणाली आणि तिनं गन त्याच्या हातातून काढून घेतली.

त्यानंतर ती त्या मशीनबद्दल त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दुपारी पार्लर बंद करून एकटीच कागदावर फवारे मारत बसे. ती बोलत नाही, हे धर्मेंद्रच्या लक्षातही आलं नव्हतं.

एप्रिल संपत आला होता. मोहफुलांचे दिवस सरले होते, ऊन असं की डांबरावर चप्पल चिकटावी. त्या दिवशी सेवकराम रहांगडाल्यांच्या आचलचं लग्न होतं. लग्न संध्याकाळी, बोदलकसा रोडवरच्या त्यांच्या गावात. दुपारीच नवरी तयार व्हायला पार्लरमध्ये आली. सोबत तिची आई राजकुमारीबाई. थोड्या वेळानं नवरदेवाची आत्या सावित्रीबाईही शालू आणि दागिने घेऊन आल्या. आत कूलर नुसताच घरघरत होता, व्होल्टेजच नव्हतं. म्हणून सावित्रीबाई बाहेर धर्मेंद्रच्या टिनाच्या शेडखाली बाकड्यावर टेकल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या.

आत राजकुमारीबाई रविताच्या कानाशी लागल्या होत्या. "बाई, हनुवटीकडं बराबर पाहजो. काहीच दिसलं नाई पायजे. त्यांच्याकडच्यांना माहीत नाई."

रवितानं मान हलवली. आज एअरब्रश वापरण्यामागचं कारणच ते होतं. तिनं गन हाती धरली आणि आधी टिश्यू पेपरवर मारून पाहिली. बारीक धुकं यायला हवं होतं, तिथं गन थुक् थुक् करत ठिपके टाकत होती. पांढऱ्या कागदाला जणू गोवर निघाला! उन्हानं फाउंडेशन घट्ट झालं होतं, गनच्या टोकाशी ते वाळत होतं आणि व्होल्टेज नसल्यानं छोटा कंप्रेसर दम लागल्यासारखा धापत होता.

हे थुक् थुक् प्लायवूडपलीकडे धर्मेंद्रनं ऐकलं. रोगी खोकल्यावर वैद्यानं उठावं तसा तो उठला.

"माल घट्ट झाला!" दारातूनच त्यानं निदान सांगितलं. "दोन थेंब थिनर टाक."

"थिनर?" रविता ओरडली. "अजी, तोंड आहे ते! मडगार्ड नाई!"

"मंग तुमच्यात जे टाकत असन ते टाक ना!"

तिनं पातळ करायच्या औषधाची बाटली पुढं केली. त्यानं ती घेतली आणि सवयीच्या हातानं वाकवली. सवय डब्यांची, बाटली बोटभर. चार थेंबांच्या जागी धार पडली. पुढचा फवारा कागदावर पडला तो कोळ्यानं पाय पसरावेत तसा चहूकडं ओघळला.

"आता पाण्यासारखा झाला," धर्मेंद्र शांतपणे म्हणाला, जणू ते कोणी दुसऱ्यानंच केलं होतं.

रवितानं बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. तिनं वाटी पुसली, नवं फाउंडेशन घातलं, औषधाचे थेंब स्वतः सोडले आणि काडीनं ढवळलं. आता माल खरंच दुधासारखा झाला. पण हवा? छोट्या कंप्रेसरनं तेवढ्यात शेवटचा आचका दिला आणि तो गप्प झाला.

"वेळ होऊन राहिला ना बाई," राजकुमारीबाई म्हणाल्या. आचल आरशासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. ती सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती.

"माझा कंप्रेसर कायले आहे मंग?" धर्मेंद्र म्हणाला.

"नको जी. तुमची हवा लय जास्त असते."

"अवो, मी आहे ना! एवढ्या गाड्यांच्या टाक्या रंगवल्या, एक तरी खराब झाली का?"

कबूल करायला हवं, की एकही झाली नव्हती. दुसरा उपायही नव्हता. धर्मेंद्रनं खिडकीतून नळी ओढली, जोड बसवला आणि डिझेल इंजिनवर चालणारा मोठा कंप्रेसर सुरू केला. टाकीत हवा नुकती भरू लागली होती. त्यानं डोळे मिटून कान लावला, रेग्युलेटरला बोटभर पीळ दिला आणि म्हणाला, "मार!"

रवितानं कागदावर मारलं. सकाळी बोदलकशाच्या तळ्यावर उतरतं तसं मऊ, सारखं धुकं! राजकुमारीबाईंनी हात जोडले. धर्मेंद्रची छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजला.

फोन संजू बिसेनचा. त्याची जुनी निळी स्कूटर विकायच्या आधी धर्मेंद्रकडे रंगाला होती, गिऱ्हाईक संध्याकाळी न्यायला येणार होतं. कंप्रेसरच्या गोंगाटात काही ऐकू येईना, म्हणून धर्मेंद्र बाहेर शेडखाली आला आणि ओरडून बोलू लागला. बाकड्यावर सावित्रीबाई पेंगत होत्या. त्यांचा डोळा उघडला.

"हो ना बापा, काळजी करू नको! समोरून तर एकदम चकाचक दिसते… खालून थोडा डेंट होता, पुट्टी भरली. प्रायमर मारला. आता वरून रंग मारून राहिलो… घेणाऱ्याले कायले सांगतेस? अरे, एक डाव पडली होती म्हणून का जन्मभर सांगत फिरायचं?… संध्याकाळी घेऊन जातील ना ते! मंग त्यांचं ते पाहून घेतील!"

सावित्रीबाईंचा पदर हलायचा थांबला.

इकडे कंप्रेसरची टाकी मात्र भरतच चालली होती. रेग्युलेटरच्या आज मनात नव्हतं, काटा आपल्या आकड्यावर बसून होता. राहता राहिले धर्मेंद्रचे कान, आणि ते दोन्ही त्या वेळी संजूकडे लागलेले. आत रवितानं जरा वाट पाहिली. मग आचलची हनुवटी अलगद वर केली, गन धरली आणि घोडा दाबला.

आवाज ट्रकचा टायर फुटावा तसा झाला! नळी नागासारखी उसळली. वाटीतलं होतं नव्हतं ते फाउंडेशन एका दमात बाहेर पडलं. आचलचा अर्धा चेहरा, एक कान, भुवई, आरसा आणि वाकून पाहत असलेल्या राजकुमारीबाई, सगळ्यांवर एकच गोरा रंग चढला. आचलची टिकली उडून आईच्या गालाला चिकटली.

धर्मेंद्र धावत आत आला. त्याच्या मागोमाग, हातात शालूची पेटी घट्ट धरून, सावित्रीबाई.

आचल आरशात बघत होती. उजवीकडून ती नवरी होती, डावीकडून नुकतीच चुना मारलेली भिंत. ती ओरडली नाही. तिच्या एका डोळ्यातून पाणी आलं आणि त्या ओल्या रंगातून खाली एक सरळ रेघ काढत हनुवटीपर्यंत गेलं.

धर्मेंद्रचा हात सवयीनं खिशातल्या फडक्याकडे गेला. रंग बिघडला तर काय करायचं हे त्याला ठाऊक होतं: घासायचं आणि पुन्हा मारायचं. पण आजवर त्यानं रंगवलेली एकही टाकी अशी त्याच्याकडे बघत नव्हती. पत्रा गप्प राहतो. पत्र्याला संध्याकाळी लग्नाला उभं राहायचं नसतं.

"धुवा!" सावित्रीबाई गरजल्या. "आत्ताच्या आत्ता तोंड धुवा पोरीचं! पुट्टीखाली का लपवलं ते मले पाहू द्या!"

"पुट्टी?" रविता म्हणाली.

पण राजकुमारीबाईंचा धीर तिथंच सुटला. "कोणी… कोणी सांगितलं तुमाले?"

झालं! एवढं ऐकल्यावर सावित्रीबाईंना आणखी पुरावा कशाला लागतो! "म्हणजे खरं आहे! आमच्या भोळ्या पोराले फसवून राहिले तुमी! एक डाव पडलेली पोरगी!" असं म्हणत त्यांनी कंबरेचा मोबाईल काढला आणि भाच्याला लावला. ऐकू कमी येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवरच असे. पलीकडे डीजे दणाणत होता.

"घनश्याम! वरात काढू नको! नवरीले डेंट आहे!"

"का? कोणाले?"

"डेंट! डेंट!"

"कोणत्या गाडीले, आत्या? कोणाले लागलं तर नाई ना?"

"गाडीले नाई रे, नवरीले! हे लोक पुट्टी भरून राहिले तिले!"

डीजेवाल्यानं नेमकं तेव्हाच गाणं बदललं, त्यामुळं मधल्या शांततेत 'पुट्टी' हा शब्द दोन्हीकडच्या बऱ्याच लोकांनी ऐकला असावा. रविता डोक्याला हात लावून खाली बसली. तिच्या मनात उद्याचा तिरोडा उभा राहिला. रविताच्या पार्लरमध्ये लग्न मोडलं, तिच्याकडं नवरी नेऊ नका! रोज दुपारी एकटीनं कागदावर मारलेले ते सगळे फवारे तिला आठवले. धर्मेंद्रनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. तो म्हणाला, "बाई, आयका तरी, मी तर…" पण सावित्रीबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

तेवढ्यात आचल खुर्चीवरून उठली. अर्ध्या चेहऱ्यानिशी ती आत्याबाईंसमोर उभी राहिली आणि हात पुढं केला.

"द्या जी फोन इकडं. मी बोलते."

तिच्या आवाजात असं काही होतं, की सावित्रीबाईंनी फोन दिला.

"मी आचल. आत्याले माझ्या हनुवटीचं सांगा बरं."

"अरे, ते होय?" घनश्याम हसला. तो नागझिऱ्याला गाईड होता, पर्यटकांना जंगल दाखवायचा. "आत्या, पाहायले आलो होतो ना, त्याच दिवशी तिनं मले सांगितलं. कॉलेजले जाताना सायकलवरून नहराच्या पाण्यात पडली, टाके पडले. मी म्हटलं, आमी जंगलात जनावराले अंगावरच्या खुणेवरूनच तर ओळखतो. बरं झालं, गर्दीत तू हरवणार नाईस!"

राजकुमारीबाई लेकीकडं बघतच राहिल्या. "तू सांगून टाकलं? मी एवढं झाकून राहिली… अन् तू पहिल्याच दिवशी?"

"त्यानं विचारलं का सायकल चालवता येते का. मंग खोटं कायले बोलू, आई?"

ती नळापाशी गेली आणि तिनं खळखळून तोंड धुतलं. हनुवटीखाली धानाच्या दाण्याएवढा एक पांढुरका व्रण होता. सावित्रीबाईंनी चष्मा चढवला, तिची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली, या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं.

"बस? एवढंच?" त्या जवळजवळ निराश होऊन म्हणाल्या. आणि मग धर्मेंद्रकडं वळल्या. "मंग तू बाहेर कोणाले पुट्टी भरून राहिला होतास?"

"ते… ते एका स्कूटरचं होतं जी."

आधी आचल हसली. मग रविता. मग गालावर टिकली असलेल्या राजकुमारीबाई. शेवटी सावित्रीबाईंनाही हसू आवरेना. शालूची पेटी खाली ठेवून त्या खुर्चीत बसल्या आणि एकदम मायेनं बोलू लागल्या. "स्कूटर म्हटलं का आमचीच आठवते बापा. आचलसाठी ठरवून ठेवली मी. पोरीले नोकरीवर जायले पायजे ना! कवलेवाड्याच्या संजू बिसेनची, निळी. तो म्हणते, एकदा बी पडली नाई, एकदम नव्यासारखी. आज संध्याकाळीच आणणार आहे पोट्टे."

धर्मेंद्रनं प्लायवूडच्या भिंतीकडं पाहिलं.

कोणालाच काही कळलं नव्हतं. तो गप्प राहिला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. संजू जुना दोस्त. डेंट बुजलेला, वर रंगाचा हात बसला की स्वतः धर्मेंद्रलाही तो शोधावा लागला असता. त्यानं आचलकडं पाहिलं. ती टॉवेलनं मान पुसत होती. हनुवटीवरून अजून पाणी टपकत होतं आणि तो दाणा लख्ख दिसत होता. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "ते तीच."

"कोण तीच?"

"स्कूटर. निळी. खालून डेंट होता. मी भरला. तुमाले सांगू नको म्हणून संजूले मीच म्हटलं फोनवर."

रविता त्याच्याकडं बघत होती. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याला बढाई मारताना हजारदा पाहिलं होतं, असं खाली मान घालून बोलताना पहिल्यांदाच.

सावित्रीबाईंचा चेहरा आधी लाल झाला. मग हळूहळू त्यावर विजयाचं तेज पसरलं.

"म्हणजे मी बराबरच आयकलं होतं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "शब्दन् शब्द बराबर! अन् तुमी मले हसून राहिले!"

त्या आनंदात त्यांनी धर्मेंद्रला माफ केलं, की शिव्या द्यायच्या राहून गेल्या, हे सांगणं कठीण आहे. पुढं स्कूटर त्यांनी घेतलीच, पण पुट्टी काढून, डेंट ठोकून सरळ करून. संजू मात्र पोळ्यापर्यंत धर्मेंद्रशी बोलला नाही.

ऊन कलत होतं. मशीन बाजूला सारून रविता हातानंच कामाला लागली. बोटं, स्पंज, ओला रुमाल. व्होल्टेज अजून नव्हतंच, म्हणून धर्मेंद्र ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन वारा घालत उभा राहिला. बायकोच्या हाताकडं तो असा कधी बघतच राहिला नव्हता. ती आचलच्या कपाळाला बोट लावायची, थांबायची, घाम टिपायची, पुन्हा लावायची. आचल हसली की हात मागं घ्यायची. चेहरा गरम असतो, हलतो, घामेजतो, बोलतो. एवढ्या सगळ्यातून वाट काढत ती रंग बसवत होती, आणि तिच्या गनला तो पोट धरून हसला होता.

"हनुवटीचं झाकू का राहू देऊ?" रवितानं विचारलं.

आचलनं आईकडं पाहिलं. राजकुमारीबाईंनी गालावरची टिकली काढून लेकीच्या कपाळी लावली.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

लग्न वेळेवर लागलं. धर्मेंद्र जेवायला गेला तेव्हा वाढणाऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत प्रत्येकानं त्याला 'पुट्टीवाले भाऊ' म्हणून हाक मारली. त्यानं मुकाट्यानं दोनदा भात मागून घेतला.

पुढच्या बाजारबंदच्या दिवशी रविता पुन्हा मशीन काढून बसली. छोटा कंप्रेसर दुरुस्त होऊन आला होता. मोठ्याचा काटा धर्मेंद्रनं आपण होऊनच बदलून टाकला होता. ती कागद पसरत होती, तेवढ्यात तो दारात येऊन रेंगाळला.

"कागदावर कायले करून राहिली? कागद का हलते का, घाम येते का त्याले?"

"मंग कोणावर करू?"

तो खुर्चीत जाऊन बसला.

रवितानं त्याच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला. "पण बोलायचं नाई. तोंड हललं का रंग बिघडते."

तो बोलला नाही. पहिला फवारा त्याच्या नाकावर थुंकला. माल घट्ट आहे, हे त्याला आवाजावरूनच कळलं. सांगायला जीभ शिवशिवली, त्यानं खुर्चीचे दांडे घट्ट धरले. रवितानं थेंब टाकला, मनगटावर मारून पाहिलं, हवा किंचित कमी केली आणि पुन्हा मारलं. गार, मऊ धुकं गालावर उतरलं. त्यानं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं त्याला वाटलं, हिनं अजून एखादा हात मारला तरी चालेल.

बाहेर मोटरसायकल थांबली. छोटेलाल नावाचं जुनं गिऱ्हाईक शेड रिकामी बघून पार्लरच्या दारात आलं. त्यानं आत डोकावलं, खुर्चीतल्या गोऱ्यापान, गुलाबी गालांच्या माणसाकडं नीट निरखून पाहिलं आणि आदरानं नमस्कार केला.

"बाई, धर्मेंद्रभाऊ आहेत का?"

"आहेत ना जी," रविता म्हणाली. "वाळायचे आहेत अजून."